न दिसणारीं दोन अक्षरें

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत पोहरादेवी म्हणून एक गांव आहे. बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधि आणि जगदंबेचें मंदिर येथें असून रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राप्रमाणेंच तेलंगण आणि कर्नाटक या प्रांतांतूनहि बंजारे येथें लोटतात. २०२४ सालच्या ऑक्टोबरच्या ५ तारखेस बंजारा वारशाचें एक संग्रहालयहि येथें उघडण्यांत आलें. या यात्रेकरूंची बोली एक, गोरमाटी; परंतु तिला स्वतःची अशी परंपरागत लिपि नाहीं. महाराष्ट्रांतील बंजारा ती देवनागरींत लिहितो, तेलंगणांतील तेलुगू लिपींत आणि कर्नाटकांतील कन्नड लिपींत. होळीची लेंगी काय किंवा देवीपुढचें भजन काय, पिढ्यान् पिढ्या तें तोंडपाठ चालत आलें. तें कागदावर, आणि कागदावरून संगणकावर उतरविण्याची पाळी आतांच्या पिढीवर आली आहे.

गाणें उतरून घेणाऱ्याला अक्षरांची काळजी असते. बोलींतला एखादा उच्चार देवनागरींत कसा दाखवावा, ऱ्हस्व लिहावा कीं दीर्घ, यावर तो तासचे तास घालवील. ओळ कोठें संपते याची मात्र त्याला फिकीर नसते. ओळ संपली कीं संपली, तें डोळ्यांना दिसतेंच. आणि नेमकें याच ठिकाणीं यंत्र दगा देतें. एका संगणकावर वीस ओळींत नीट मांडलेलें भजन दुसऱ्या संगणकावर उघडावें, तों त्या विसांची मिळून एकच लांबलचक ओळ! काना गेलेला नाहीं, मात्रा हललेली नाहीं. पण ध्रुवपद कोठें संपलें आणि अंतरा कोठें लागला हें कळण्यास मार्ग उरत नाहीं. ज्यानें तें गाणें ऐकलेलें आहे त्याला तें जुळवून घेतां येईल. ज्यानें ऐकलेलें नाहीं त्याच्या दृष्टीनें तें गाणेंच राहिलें नाहीं. या प्रकाराचें मूळ शोधूं गेल्यास तें संगणकापाशीं थांबत नाहीं. त्याच्याहि मागें, तारायंत्राच्या काळांतील एका लोखंडी गाड्याच्या हालचालीपर्यंत जावें लागतें.

जुन्या लेखकांना ओळीचा शेवट ही कांहीं मोठी बाब वाटत नसे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथें १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट सांपडले. अशा ताम्रशासनांत ओळ संपते ती वाक्य पुरें झालें म्हणून नव्हे, तर पत्रा संपला म्हणून. शब्द मध्येंच तुटला तरी कोरणाऱ्याला त्याची खंत नाहीं. आजचे पुराभिलेखज्ञ असा लेख छापतांना मूळच्या प्रत्येक ओळीला क्रमांक देतात, पण ती त्यांची सोय. शासन देणाऱ्या राजाला त्या क्रमांकांशीं कर्तव्य नव्हतें. मोडीचीहि तीच गत. लिहिणारा आधीं कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरें टांगीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं; कागदाची कड आली कीं हात खालच्या रेघेवर. पोथीवाल्यांनीं मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली होती. ओवी संपली कीं ते उभे दंड घालीत आणि पुढें ओवीचा अंक लिहीत. पान रुंद असो कीं अरुंद, नक्कल करणाऱ्यानें ओळी कशाहि पाडोत, ओवीला धक्का लागत नसे. अर्थाचा शेवट डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेनें दाखवावयाचा आणि ओळीचा शेवट जागेच्या सोयीवर सोडावयाचा, असा हा भेद होता. यंत्रानें तो पुसून टाकला.

टंकलेखन यंत्रावर ओळ संपत आली कीं घंटा वाजते आणि टंकलेखक डाव्या हातानें दांडा ढकलतो. त्या एका झटक्यांत दोन कामें होतात. कागद गुंडाळलेला रूळ एक घर फिरून कागद वर सरकतो. आणि त्या रुळासकट सारा गाडा उजवीकडे जाऊन नव्या ओळीचा आरंभ ठशासमोर येतो. हाताला ही एकच क्रिया वाटते. परंतु शेंकडों मैलांवरच्या यंत्राकडून तारेच्या द्वारें हेंच करून घ्यावयाचें झाल्यास तेथें दांडा ढकलणारा हात नसतो. तेथें हुकूम पाठवावे लागतात, आणि कामें दोन तर हुकूमहि दोन. न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे यानें १९०१ च्या सुमारास टंकलेखन यंत्रासारखे पट्टे असलेल्या तारायंत्रासाठीं जी संकेतावली बसविली, तींत हे दोन हुकूम अक्षरांच्याच पंक्तीला आणून बसविले. पुढें त्यांना कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड हीं नांवें रूढ झालीं. मराठींत त्यांना ‘गाडा परत’ आणि ‘ओळ पुढें’ म्हणतां येईल. हीं दोन अक्षरें छापलीं जात नाहींत, वाचलींहि जात नाहींत. पण तारेवरून जातांना तीं ‘क’ आणि ‘ख’ यांच्याइतकींच खरीं असतात.

दोन हुकूम वेगळे असण्याचा फायदाहि होता. नुसता गाडा परत आणून कागद पुढें सरकवला नाहीं, तर त्याच ओळीवर दुसऱ्यांदा ठसे उमटवितां येतात. अक्षर ठळक करणें किंवा त्याखालीं रेघ मारणें अशा रीतीनें साधे. नुसता कागद पुढें सरकवला तर कोरी जागा सोडतां येई.

१९६३ सालीं अमेरिकेंत अक्षरांना अंक देण्याचें ‘आस्की’ नांवाचें मानक ठरलें. त्यांत १२८ जागा होत्या. ‘ओळ पुढें’ हिला १० हा अंक मिळाला आणि ‘गाडा परत’ याला १३. त्याच वर्षीं टेलिटाइप कंपनीचें ३३ क्रमांकाचें यंत्र बाजारांत आलें. तें सेकंदाला १० अक्षरें छापी, आणि त्या काळच्या संगणकांशीं बोलावयाचें तें बहुधा याच यंत्राच्या द्वारें. त्याचा छापणारा भाग उजव्या टोकापासून डाव्या टोकाला परत येण्यास एक दशांश सेकंदाहून अधिक वेळ घेई. ‘परत’ म्हटल्याबरोबर पुढचें अक्षर पाठविलें तर तें वाटेंतच कोठें तरी उमटावयाचें. म्हणून प्रथम १३ पाठवावा आणि लगोलग १० पाठवावा. कागद सरकतां सरकतां मागच्याला जागेवर पोंचण्यास अवधि मिळतो. कधीं कधीं तेवढाहि पुरत नसे आणि मागून एक दोन रिकामे अंक नुसते वेळ काढण्यासाठीं पाठवावे लागत. आज घरोघरच्या संगणकांत जी तेरा-दहाची जोडी आढळते, तिच्या क्रमाचें कारण एवढेंच: एका लोखंडी भागाला धांवावयास लागणारा दशांश सेकंद.

संगणकाच्या पोटांत मात्र गाडा नाहीं आणि रूळहि नाहीं. तेथें मजकूर सांठवितांना ओळीचा शेवट कसा दाखवावा? या प्रश्नाला तीन घरांनीं तीन उत्तरें दिलीं.

पहिलें घर मल्टिक्सचें. १९६४ सालीं सुरू झालेल्या या प्रकल्पांतील मंडळींनीं ठरविलें कीं, सांठ्यांत १० हा एकच अंक ठेवावा आणि त्याचा अर्थ ‘नवी ओळ’ असा समजावा. छापणाऱ्या यंत्राला १३ लागत असेल तर तो मजकूर बाहेर पडतांना दाराशीं जोडून द्यावा. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेनें त्या प्रकल्पांतून अंग काढून घेतलें आणि तेथील केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स रचावयास घेतलें. तेव्हां ही पद्धति त्यांनीं बरोबर आणली. तिन्हींत हेंच उत्तर सरस, कारण घरांतली वस्तु आणि दारांतला व्यवहार यांची त्यांत गल्लत नाहीं.

दुसरें घर गॅरी किल्डॉल याच्या सीपी-एमचें. १९७४ सालच्या लहान यंत्रांत स्मृति तुटपुंजी. मजकूर आहे तसा छापणाऱ्या यंत्राकडे ढकलतां आला तर बरें, म्हणून १३ आणि १० हे दोन्ही अंक फाइलींतच ठेवण्याची रीत त्यानें पत्करली. १९८१ सालीं एमएस-डॉसनें ती उचलली आणि तेथून ती विंडोजकडे वारशानें आली. या रीतीला हंसण्याचें कारण नाहीं. त्या वेळच्या यंत्राला ती शोभत होती. यंत्र गेलें आणि रीत राहिली, इतकेंच.

तिसरें घर ॲपलचें. त्यांच्या कळफलकावरील ‘रिटर्न’ ही कळ दाबली कीं १३ निघे; त्यांनीं तोच एकटा अंक ओळीचा शेवट म्हणून ठेवला. १९८४ च्या मॅकिंटॉशवरहि तेंच चाललें. २००१ सालीं त्यांनीं नवी प्रणाली युनिक्सच्या पायावर उभारली आणि त्याबरोबर १० चा स्वीकार केला. (भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांचें सारेंच निराळें. तेथें पत्ता ८० स्तंभांचा, आणि पत्ता संपला कीं ओळ संपली. खूण करण्याचें कारणच नाहीं. ताम्रपटाचाच न्याय हा!)

तीन घरें आपापल्या ठिकाणीं सुखी होतीं. भानगड सुरू झाली ती मजकूर एका घरांतून दुसऱ्या घरांत जाऊं लागला तेव्हां. युनिक्सची फाइल दारावरच्या सोपस्काराशिवाय टेलिटाइपवर धाडली तर कागद पुढें सरके पण छापणारा भाग परत येत नसे, आणि ओळी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें उजवीकडे उतरत जात. जुन्या मॅकिंटॉशची फाइल युनिक्सच्या पडद्यावर काढली तर उलट तऱ्हा: प्रत्येक नवी ओळ आधींच्या ओळीवरच बसे आणि अखेरीस शेवटची तेवढी दिसे. विंडोजची फाइल युनिक्सकडे गेली तर वरवर कांहींच बिघडत नाहीं, आणि म्हणूनच ती अधिक घातक. प्रत्येक ओळीच्या शेपटाला एक अदृश्य १३ चिकटून राहतो. ‘पोहरादेवी’ हा शब्द ओळीच्या शेवटीं आला असेल तर यंत्राच्या लेखीं तो ‘पोहरादेवी’ नव्हे. त्याच्यापुढें आणखी एक अक्षर आहे. यादींत शोध घ्यावा तर तें नांव सांपडत नाहीं, आणि शोधणारा शुद्धलेखन तपासत बसतो. युनिक्सवरील आज्ञावलीच्या पहिल्या ओळींत ती कोणी चालवावयाची त्या दुभाष्या प्रोग्रॅमचें नांव असतें. त्या नांवाला हें शेपूट चिकटलें तर यंत्र म्हणतें, असा कोणी येथें नाहीं. आणि पडद्यावर पाहावें तर नांव अगदीं बरोबर! हजार ओळींची एकच प्रत दोन्ही रीतींनीं लिहिली तर एक दुसरीपेक्षां हजार अंकांनीं मोठी भरते. प्रत मुळाबरहुकूम आहे कीं नाहीं हें आंकडेमोडीनें तपासणारें साधन त्या दोन फाइलींना एक म्हणण्याचें साफ नाकारतें, आणि त्याचें म्हणणें खोटें नसतें.

यंत्रायंत्रांना जोडणाऱ्या जाळ्याच्या कर्त्यांनीं हा प्रश्न ओळखला होता. घरांत कोणी कांहींहि वापरो, रस्त्यावर एकच नाणें चालावें, असें त्यांनीं ठरविलें. आणि तें नाणें तेरा-दहाच्या जोडीचें. १९८२ च्या विद्युत्-टपालाच्या नियमांत आणि १९८३ च्या टेलनेटच्या नियमांत ही जोडी स्पष्ट सांगितली आहे. फाइली नेण्याआणण्याच्या व्यवहारांत दोन तऱ्हा ठेवल्या गेल्या. मजकूर असेल तर ओळींचे शेवट मुक्कामाच्या रीतीप्रमाणें बदलावयाचे. चित्र, ध्वनि वगैरे असेल तर एका अंकालाहि हात लावावयाचा नाहीं. तऱ्हा निवडण्यांत चूक झाली कीं चित्राची माती होई, कारण चित्राच्या अंकांत १० आणि १३ हे निव्वळ योगायोगानें हवे तेवढे येतात. १९९६ सालीं पीएनजी या चित्रपद्धतीचें मानक प्रसिद्ध झालें. तिच्या कर्त्यांनीं प्रत्येक चित्राच्या आरंभींच्या आठ अंकांत मुद्दाम एक तेरा-दहाची जोडी आणि एक सुटा १० पेरून ठेवला. वाटेंत कोणी आगंतुकानें ओळींचे शेवट ‘सुधारले’ असतील तर हे आठ अंक बिघडलेले दिसतात आणि चोरी दारांतच पकडली जाते. नाक्यावरच्या शिक्क्यासारखी ही युक्ति आहे.

भारतीय लिपींच्या बाबतींत या गोष्टीला आणखी एक पीळ पडला. १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें ‘इस्की’ ही संकेतावली मान्य केली आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तिच्यावर चालणारीं साधनें देशभर पोंचविलीं. इस्कीची कल्पना मोठी सुंदर होती. देवनागरी, गुजराती, तेलुगू, कन्नड या साऱ्या ब्राह्मीच्या लेकी. तेव्हां ‘क’ ला एकच अंक असावा, आणि तो कोणत्या लिपींत दाखवावा हें वेगळ्या खुणेनें सांगावें. पोहरादेवीच्या यात्रेकरूंसाठींच जणूं योजलेली ही सोय! एकच लेंगी, आणि खूण बदलली कीं तेलंगणांतल्या माणसाला तेलुगूंत व कर्नाटकांतल्याला कन्नडमध्यें वाचतां यावी. परंतु ती खूण चालते कोठपर्यंत? पुढची खूण येईतों, किंवा ओळ संपेतों. नवी ओळ लागली कीं लिपि पुन्हां मूळपदावर. म्हणजे येथें ओळीचा शेवट हा केवळ मांडणीचा प्रश्न राहिला नाहीं. लिपीचा अंमल कोठें संपतो हेंहि त्याच अदृश्य अंकावर अवलंबून राहिलें. देवनागरी मजकुरांत मध्यें एखादी तेलुगू ओळ आहे आणि फाइल अशा यंत्रावर उघडली कीं ज्याला ती ओळ संपल्याचें कळलेंच नाहीं, तर खालची देवनागरीहि तेलुगू वेष घेऊन उभी राहणार.

पुढें युनिकोड आलें आणि प्रत्येक लिपीला तिची स्वतःची जागा मिळाली. पण युनिकोड फाइलींत लिहिण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत, आणि त्यांतील यूटीएफ-१६ या रीतींत बहुतेक प्रत्येक अक्षर दोन अंकांचें होतें. देवनागरीचा पहिला अंक ९. दुसरा अक्षराप्रमाणें बदलतो. ‘ऊ’ म्हणजे ९ आणि १०. ‘ऍ’ म्हणजे ९ आणि १३! आतां समजा, फाइलींतील प्रत्येक १० च्या आधीं १३ घालणारा एखादा अडाणी प्रोग्रॅम त्या फाइलीवर फिरला. ‘ऊन’ या साध्या शब्दाचे अंक ९, १०, ९, ४०. त्यांचे झाले ९, १३, १०, ९, ४०. जोड्या लावून वाचतां पहिली जोडी ‘ऍ’ झाली, दुसरी गुरुमुखींतला ‘उ’, आणि तेथून पुढें जोड्यांची सारी गणतीच एका घरानें चुकली. तेलुगूच्या ‘ऊ’ चाहि दुसरा अंक १० च आहे. गुजराती आणि गुरुमुखी यांचें दैव याहून खडतर, कारण तेथें प्रत्येक अक्षराचा पहिलाच अंक १०. आणि मल्याळम् व सिंहली यांचा १३. ज्यांनीं या जागा वांटल्या त्यांनीं कोणावर दावा धरला होता असें नव्हे. क्रमानें वांटणी करतां तसे अंक पडले.

यावरचा उतारा आधींच निघालेला होता, आणि तोहि युनिक्सच्याच घरांतून. १९९२ सालच्या सप्टेंबरांत केन टॉम्सन आणि रॉब पाइक हे दोघे न्यू जर्सींतील एका खानावळींत जेवावयास बसले असतां टॉम्सननें ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ या रीतीचा आराखडा मांडला. तिच्यांत देवनागरीचें अक्षर तीन अंक घेतें, आणि ते तिन्ही १२७ च्या वरचे. त्यामुळें या रीतींत १० दिसला तर तो ओळीचा शेवटच असणार. कोणत्याहि लिपीच्या कोणत्याहि अक्षराच्या पोटांत तो लपलेला असूं शकत नाहीं. एखाद्या ‘ऊ’ चा बळी न देतां ओळी मोजतां येऊं लागल्या.

युनिकोडनें वाद कायमचा मिटविण्यासाठीं ‘ओळ-विभाजक’ आणि ‘परिच्छेद-विभाजक’ अशीं दोन स्वतंत्र अक्षरेंहि देऊं केलीं. पोथीवाल्यांनीं अर्थ आणि जागा यांत जो भेद ठेवला होता, तोच येथें नव्यानें सुचविला गेला म्हणावयाचा. पण जुन्या संवयींपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. साध्या मजकुरांत तीं क्वचितच आढळतात. व्यवहारांत जें टिकलें तें मल्टिक्सचें तत्त्व: सांठ्यांत एकच रूप ठेवावें आणि फरक दाराशीं करावा. २००५ सालीं निघालेलें गिट हें प्रतींची बखर ठेवणारें साधन आज जगभर वापरतात. त्यांत, कोणत्या फाइली मजकुराच्या व त्यांच्या ओळींचा शेवट कोणता, हें संग्रहाबरोबरच एका लहानशा फाइलींत लिहून ठेवतां येतें. तें लिहिलेलें नसलें, तर विंडोजवर बसलेला सहकारी एक शब्द दुरुस्त करतो आणि नोंद मात्र होते ती सारी फाइल बदलल्याची. एका मात्रेची दुरुस्ती हजार ओळींच्या ढिगाखालीं गाडली जाते. विंडोजच्या नोटपॅडनें नुसत्या १० ला ओळीचा शेवट म्हणून मान दिला तो २०१८ सालीं. तोंपर्यंत युनिक्सवर लिहिलेलें भजन तेथें एकाच ओळींत दिसावयाचें.

रस्त्यावरचें नाणें मात्र बदललेलें नाहीं. पोहरादेवीहून कोणी एखादी लेंगी विद्युत्-टपालानें हैदराबादला धाडली, तर घरच्या यंत्रावर तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटीं १० असो कीं आणखी कांहीं, टपालाच्या नियमाप्रमाणें वाटेंत तेथें १३ आणि १० हे दोघे लागतात, त्याच क्रमानें; आणि मुक्कामाला पोंचल्यावर तेथल्या घरच्या रीतीप्रमाणें त्यांतला एक गळतो किंवा राहतो.